सबवूफर आणि सराउंड स्पीकर जुळवायचे कसे: कोणती पायरी आधी, आणि नेमकं कुठे चुकतं

सब, म्हणजे सबवूफर, आणला, लावला, पहिल्या दिवशी मजा आली आणि आठवड्याभरात कुरकुर सुरू. सगळं घुमतंय, डायलॉग कळत नाहीत, दणका फक्त त्या एका कोपऱ्यातून येतो, आणि मागचे सराउंड तर पत्र्याचा डबा वाजवल्यासारखे वाजतात. मग माणूस काय करतो, तर सबच्या मागे हात घालून गेन, म्हणजे सबच्या आवाजाचं बटण, फिरवतो. कमी केला की बेस जातो, वाढवला की परत घुमायला लागतं, आणि हे महिनोन्‌महिने चालतं.

गेनचा दोष यात फार क्वचित असतो. चुकलेला असतो तो क्रम. सबची जागा ठरायच्या आधीच कॅलिब्रेशन (माइकने मोजून होणारी ऑटो जुळवणी) उरकलेलं असतं, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती फ्रिक्वेन्सी) ठरायच्या आधीच फेज (सबच्या आणि स्पीकरच्या लाटा एकदम वर-खाली होतात की उलट) लावलेली असते, आणि नंतर केलेल्या एका बदलाने आधीचं सगळं मोडलं हे लक्षातच येत नाही. म्हणून खालचा क्रम सोडू नका, आणि मधेच काही बदललंत तर तिथून पुढचं सगळं परत करा. कंटाळवाणं आहे खरं, पण एक दुपार पुरते.

## १. सुरू करण्याआधी

जवळ काय हवं: रिसीव्हरसोबत (सगळे स्पीकर ज्याला जोडतो ते यंत्र) आलेला माइक, माइक उभा करायला ट्रायपॉड, मोजायची टेप, एक साधा १.५ व्होल्टचा सेल, टेस्ट टोनच्या फायली (८० हर्ट्झचा टोन, २० ते १२० हर्ट्झचा स्वीप म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, पिंक नॉइज म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेला सळसळाट), आणि जमलं तर एसपीएल मीटर, म्हणजे आवाज डेसिबलमधे मोजणारं यंत्र. फोनवरचं अ‍ॅप चालेल, पण त्यात वेटिंग (कुठल्या फ्रिक्वेन्सीला मीटर किती किंमत देतो ते) 'सी' आणि रिस्पॉन्स 'स्लो' करा. इथे बरेच जण फसतात, कारण अ‍ॅप बहुतेक वेळा 'ए' वेटिंगवर असतं आणि 'ए' मधे ५० हर्ट्झला साधारण ३० डेसिबल कमी दिसतात. म्हणजे सब खोली हलवत असतो आणि अ‍ॅप म्हणतं काहीच वाजत नाहीये, मग तुम्ही गेन अजून वाढवता.

रिसीव्हरमधले डायनॅमिक व्हॉल्यूम, लाउडनेस, नाइट मोड, बेस बूस्ट असले सगळे प्रकार आधी बंद करा. सबचा ऑटो-स्टँडबाय पण बंद करून स्विच थेट 'ऑन' वर ठेवा, नाहीतर मोजायच्या मधेच झोपतो.

तपासा: टीव्हीवरून आवाज घेत असाल तर टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमधे 'पीसीएम' आहे का बघा. बऱ्याच टीव्हींवर पीसीएम म्हणजे नुसता स्टिरिओ बाहेर येतो. त्यात सराउंड नाही आणि एलएफई (दणक्यांचा वेगळा चॅनल, ५.१ मधला '.१') पण नाही, तुम्ही तासभर सेटिंग करत बसाल आणि मुळात चॅनलच येत नसतील. बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रू करा.

## २. सबची जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. जागेने बिघडवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण दुरुस्त करू शकत नाही.

कारण साधं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरची आणि ८० हर्ट्झची ४.३ मीटरची. घरातल्या खोलीत या लाटा मावतच नाहीत, भिंतींवर आपटून एकमेकींवर चढतात, कुठे दुप्पट होतात आणि कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या लांबीची पहिली त्रासदायक फ्रिक्वेन्सी मिळते. ५ मीटरला साधारण ३४ हर्ट्झ, ४ मीटरला ४३, ३ मीटरला ५७. त्या लांबीच्या बरोब्बर मधोमध बसलात तर ती फ्रिक्वेन्सी जवळजवळ ऐकूच येणार नाही, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तीच डोकं उठवेल. म्हणजे सोफा अर्धा मीटर पुढे-मागे सरकवणं हे कधीकधी महागडा सब घेण्यापेक्षा कामाचं असतं, पण सोफा हलवायला घरातलं कोणी तयार नसतं ही वेगळी गोष्ट.

आता रांगायचं. हो, खरंच रांगायचं:

सब उचलून तुम्ही बसता त्या जागेवर ठेवा, सोफ्यावरच. बेस गिटारचं सुरावरून सुरावर जाणारं काहीतरी किंवा ३० ते ८० हर्ट्झचा स्वीप फिरता लावा. मग जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे त्या जागांवर गुडघ्यावर जाऊन कान जमिनीजवळ न्या आणि ऐका. जिथे आवाज सगळ्यात *मोठा* ती जागा नाही, जिथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतात ती जागा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठाच येणार, कारण कोपरा खोलीतले सगळे घोळ एकदम जागे करतो.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात एक सूर असा काही फुगत होता की शेजारचे दोन सूर गायबच, आणि तिथून जेमतेम दीड मीटरवर, भिंतीच्या मधल्या भागात, तोच सूर सरळ झाला. सब तोच, केबल तीच, गेनला हातही लावला नव्हता.

सावधान: सराउंड छोटे असतील आणि त्यांचा क्रॉसओव्हर १०० च्या वर ठेवावा लागणार असेल तर सब समोरच्या बाजूलाच ठेवा. साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, पण त्याच्या वर जसजसं जाल तसतसं कळायला लागतं, आणि मग सोफ्याच्या मागे ठेवलेल्या सबमधून हीरो बोलतोय असं वाटतं.

## ३. वायर आणि पोलॅरिटी

सबला रिसीव्हरच्या 'सब आउट' मधून एकच आरसीए केबल, आणि सबच्या मागे 'एलएफई' लिहिलेल्या इनपुटमधे. तसं इनपुट नसेल तर लाइन-इनमधलं डावं. वाय केबल लावून दोन्ही इनपुट भरायची गरज नाही.

सबमधून सतत गुणगुण येत असेल तर सब आणि रिसीव्हर एकाच प्लग पॉइंटवरच्या एक्स्टेन्शनवर घ्या, आणि सिग्नलची केबल पॉवरच्या केबलला बिलगून नेऊ नका. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक आहेत, तसलं काही करू नका, तो जिवाशी खेळ आहे.

आता सराउंड. सगळ्यांच्या वायरी लांब, भिंतीतून किंवा पट्टीखालून गेलेल्या, आणि टोकाला लाल-काळं कुठलं हे अंदाजाने ठरवलेलं. एक जरी सराउंड उलटा लागला, म्हणजे त्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) अदलाबदल झाली, तर क्रॉसओव्हरच्या आसपास तो आणि सब एकमेकांना खातात आणि मागचा आवाज पातळ होतो. माझ्याकडे उजवा सराउंड कित्येक महिने उलटा होता. वायरवरची बारीक रेघ एका टोकाला मी प्लस धरली होती आणि दुसऱ्या टोकाला मायनस, आणि मी मात्र दोष देत होतो सबला.

तपासायची पद्धत: रिसीव्हर बंद करा, सराउंडची वायर रिसीव्हरच्या बाजूने काढा, लाल टोक सेलच्या प्लसला आणि काळं मायनसला क्षणभर टेकवा. स्पीकरची जाळी काढून बघत असाल तर कोन बाहेर उडी मारतो, म्हणजे बरोबर. आत ओढला गेला तर वायर उलटी आहे. नुसतं टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. आणि हे फक्त साध्या पॅसिव्ह स्पीकरांना, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या वायरलेस स्पीकरांना नाही.

सराउंडच्या जागेबद्दल थोडक्यात: ५.१ मधे (पाच स्पीकर आणि एक सब) सोफ्याच्या बाजूला थोडे मागे, समोरची दिशा शून्य धरली तर १०० ते १२० अंशांच्या मधे, आणि कानाच्या उंचीवर किंवा जरा वर. मागच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, छताला चिकटून, आवाज खाली पाडणारे सराउंड कुठल्याही सबशी जुळवले तरी हवेतच लटकलेले वाटतात.

## ४. सबच्या मागची बटणं

एकदा लावायची आणि विसरायची:

- क्रॉसओव्हर / लो-पास: पूर्ण शेवटापर्यंत वर, किंवा 'एलएफई'/'बायपास' असेल तर ते. गाळायचं काम रिसीव्हर करतोय. तुम्ही इथे ८० ठेवलं आणि रिसीव्हरमधेही ८०, तर दोनदा गाळलं जातं आणि बरोबर जिथे सब आणि स्पीकर भेटायला हवेत तिथे खड्डा पडतो. माझ्या पाहण्यातली ही सगळ्यात जास्त होणारी चूक.
- गेन: साधारण निम्म्यावर, घड्याळातल्या बाराच्या जरा अलीकडे.
- फेज: शून्य. आठव्या पायरीपर्यंत हात लावायचा नाही.
- सबमधे 'मूव्ही/म्युझिक' किंवा बेस बूस्ट असलं बटण असेल तर बंद.

## ५. ऑटो कॅलिब्रेशन

ऑडिसी असो, यामाहाचं वायपीएओ असो की डिराक, कॅलिब्रेशन करणाऱ्या या सगळ्या सिस्टिमची मागणी एकच, खोली शांत आणि माइक बरोबर जागी. पंखा बंद, एसी बंद, फ्रीज जवळ असेल तर तो थांबेपर्यंत वाट बघा. माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, टोक छताकडे. सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर माइक ठेवू नका, कापडावरून परत आलेला आवाज मोजला जातो. पहिलं माप तुमच्या मुख्य जागेवरच घ्या, कारण ऑडिसीसारख्या सिस्टिम अंतर आणि लेव्हल पहिल्या जागेवरून काढतात.

कॅलिब्रेशन झालं की मेनूत जाऊन सबची ट्रिम (रिसीव्हरने सबला दिलेली लेव्हल, डेसिबलमधे) बघा. −३ ते −९ च्या मधे असेल तर छान. −१२ वर अडकली असेल तर त्याचा अर्थ सबचा गेन फार मोठा आहे, रिसीव्हरला अजून खाली जायचं होतं पण जागाच संपली. गेन थोडा कमी करा आणि परत चालवा. ट्रिम प्लसमधे बरीच वर असेल तर उलटं. ट्रिम फार खाली असण्याचा आणखी एक तोटा आहे, सबला सिग्नल इतका बारीक जातो की नंतर ऑटो-स्टँडबाय लावला की हळू आवाजात सब जागाच होत नाही, आणि लोक समजतात सब बिघडला.

सावधान: सबचं अंतर मेनूत प्रत्यक्षापेक्षा मीटर-दोन मीटर जास्त दिसलं तर टेप घेऊन 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधे आवाजाला थोडा उशीर होतो, तो उशीर धरून आलेला तो आकडा आहे. बाकी स्पीकरांचं अंतर मात्र टेपशी जुळायलाच हवं, एखादा फार वेगळा दिसला तर माप परत घ्या.

## ६. स्मॉल, लार्ज आणि क्रॉसओव्हर

कॅलिब्रेशन झाल्यावर लोक थांबतात, आणि सराउंड इथेच बिघडतात. ऑटो सेटिंग कधी समोरच्या स्पीकरना 'लार्ज' करतं, कधी सराउंडला ४० हर्ट्झ देतं, कारण सराउंड भिंतीला चिकटलेले आणि भिंतीने बेस फुगवून दिलेला. माइकला वाटतं हा स्पीकर फार खाली जातो. जात नाही, आणि मोठ्या आवाजात फाटतो.

सगळे स्पीकर 'स्मॉल' करा. नावावर जाऊ नका, समोर कंबरेएवढे टॉवर असले तरी स्मॉल. स्मॉलचा अर्थ इतकाच की खालचा भाग सबकडे पाठवा.

क्रॉसओव्हर किती, तर स्पीकरच्या माहितीपत्रकात −३ डेसिबलला तो किती खाली जातो ते बघा आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. बुकशेल्फ ५५ पर्यंत जात असेल तर ८० ते १००. टॉवर असतील तर बहुतेक वेळा ८०. तळहाताएवढे सराउंड असतील तर १२०, कधी १५०. प्रत्येक जोडीला वेगळा आकडा देता येत असेल तर द्या, सराउंड लहान आहेत म्हणून सेंटरला (समोर मधोमध असलेल्या डायलॉगच्या स्पीकरला) पण १५० देऊ नका. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या मधे असतो, १५० वर कापलंत की त्याचा बराचसा भाग सबमधून येणार आणि डायलॉग भांड्यात बोलल्यासारखा होणार.

ऑडिसीसारख्या सिस्टिममधे ऑटोने दिलेला आकडा वर नेणं चालतं, खाली नेणं चालत नाही, कारण त्याच्या खाली त्या स्पीकरची दुरुस्ती केलेलीच नसते.

दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून वेगळं सांगतो. 'एलपीएफ फॉर एलएफई' हे सेटिंग म्हणजे क्रॉसओव्हर नव्हे. ते फक्त त्या '.१' चॅनलपुरतं, तो चॅनल १२० पर्यंत असतो, म्हणून १२० ठेवा आणि सोडून द्या. दुसरं, 'एलएफई प्लस मेन' किंवा 'डबल बेस' नको. त्यात तोच बेस टॉवरमधून पण येतो आणि सबमधून पण, आणि दोन वेगळ्या जागांवरून आलेले ते एकमेकांत अडकतात.

तपासा: मेनूत एकेक जोडी वाचा. समोरचे, सेंटर, सराउंड, असतील तर मागचे आणि छतावरचे. एकही 'लार्ज' किंवा 'फुल बँड' राहिला नाही ना?

## ७. लेव्हल

मीटर कानाच्या उंचीवर ठेवून रिसीव्हरचा टेस्ट टोन एकेका स्पीकरला द्या, सगळे ७५ डेसिबलच्या आसपास एकसारखे यायला हवेत. सबचा आकडा नाचतो, डोळ्यांनी सरासरी धरा. नंतर आवडीप्रमाणे सब २-३ डेसिबल वर नेलात तरी चालेल, पण आज नको. पुढची पायरी झाल्याशिवाय नेलात तर तुम्ही फेजचा खड्डा लेव्हलने भरत असता, आणि तो भरत नसतोच, बाकीचं सगळं मात्र फुगतं.

## ८. अंतर आणि फेज

आता सब आणि स्पीकर ८० हर्ट्झला हातात हात घालून वाजतायत की पायात पाय, ते बघायचं. एकटे दोघं उत्तम वाजत असतात आणि एकत्र आले की मधला भाग गायब, असं सर्रास होतं.

८० हर्ट्झचा टोन स्टिरिओ मोडमधे लावा, समोरचे दोन आणि सब वाजतील. समोरच्यांचा क्रॉसओव्हर वेगळा असेल तर टोन पण तोच घ्या. आवाज मध्यम ठेवा, सलग टोन मोठ्याने वाजवून स्पीकर तापवू नका. मीटर बघा. कोणालातरी सबचा फेज स्विच शून्यावरून १८० करायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा ती बाजू बरोबर.

एवढ्यावर बऱ्याच जणांचं काम भागतं. पण फरक जेमतेम एक-दोन डेसिबलचा असेल तर दोन्ही बाजू अर्धवट चूक आहेत, आणि मग अंतराला हात घालायचा. ती युक्ती उलट्या बाजूने करायची: फेज मुद्दाम *चुकीच्या* बाजूला ठेवा आणि रिसीव्हरमधे सबचं अंतर १०-१५ सेंटीमीटरच्या टप्प्याने आधी वाढवत आणि मग मूळ आकड्यावरून कमी करत जा, आणि आवाज सगळ्यात *कमी* कुठे होतो ते शोधा. खड्डा टोकदार असतो, लगेच सापडतो, उंचवटा मात्र पसरट असतो आणि त्याचा माथा कानाला सापडत नाही. खड्डा सापडला की फेज परत बरोबर बाजूला करा. अंतर दोन मीटरच्या आसपास बदललं तर ८० हर्ट्झला पूर्ण उलटं होतं, त्यामुळे मूळ आकड्यापासून एक-सव्वा मीटरच्या बाहेर भटकू नका.

लॅपटॉप आणि यूएसबी माइक असेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच काम आलेखात दाखवतं. तिथे एकच मोह टाळा. आलेखात खड्डा दिसला म्हणून ईक्यूने (इक्वलायझरने) भरायला जाऊ नका. लाटा एकमेकींना खातायत तिथे तुम्ही जितकी ताकद जास्त द्याल तितकी त्या जास्त खातील, सबचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र धापा टाकेल. उंचवटे कापा, खड्डे जागा बदलून सोडवा.

दोन सब असतील तर आधी दोघांना आपसात जुळवा. एकेकटे वाजवून लेव्हल सारखी, मग दोघांचा मेळ, आणि नंतर ती जोडी एकच सब आहे असं धरून वरचं सगळं.

## ९. सराउंड वेगळे तपासा

सबला अंतर एकच देता येतं, पाच स्पीकरना पाच वेगळी नाही. समोरच्यांशी जुळवलं की बाकीचे आपापल्या अंतरामुळे आपोआप जुळतील असं गृहीत असतं, आणि बहुतेक वेळा जुळतातही, पण भिंती मधे पडतात.

रिसीव्हर बंद करून समोरचे दोन आणि सेंटर यांच्या वायरी काढा, उघडी टोकं एकमेकांना टेकणार नाहीत असं बघा. चालू करून 'ऑल चॅनल स्टिरिओ' मोड लावा. आता फक्त सराउंड आणि सब. सराउंडचा जो क्रॉसओव्हर आहे त्या फ्रिक्वेन्सीचा टोन द्या आणि सबचा फेज स्विच उलटवून बघा. आवाज *पडला* तर सगळं ठीक, स्विच परत जागेवर. आवाज उलट *वाढला* तर आधी पोलॅरिटी परत बघा, तिसरी पायरी खरंच केली होती ना? ती बरोबर असेल तर सराउंडचा क्रॉसओव्हर १०-२० हर्ट्झने वर-खाली करून बघा (ऑडिसीसारख्या सिस्टिममधे ऑटोच्या आकड्याखाली मात्र नाही), किंवा सराउंडचं अंतर अर्ध्या मीटरपर्यंत इकडेतिकडे करा. सबचं अंतर हलवू नका. समोरचं आणि सेंटरचं जुळलेलं बिघडवून मागचं जुळवणं हा तोट्याचा सौदा, बहुतेक गोष्टी समोरून येतात.

## १०. खडखड शोधणं

२० ते १२० चा स्वीप हळू लावा आणि खोलीत फिरा. शोकेसची काच, पडद्याचा रॉड, दाराची कडी, फोटोफ्रेम, कोणीतरी एकजण गायला लागतोच. आमच्याकडे एका ठरावीक सुराला सब 'फाटतोय' म्हणून मी तो जवळजवळ दुरुस्तीला पाठवणार होतो, निघालं काय तर स्विचबोर्डचा एक ढिला स्क्रू.

मग पुरुषाचा आवाज असलेला साधा संवाद लावा, आणि डोळे मिटून सब कुठे आहे हे बोटाने दाखवता येतंय का बघा. येत असेल तर क्रॉसओव्हर फार वर आहे किंवा लेव्हल.

सगळं जमलं की मेनूच्या प्रत्येक पानाचा आणि सबच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. आणि जमिनीवर सबच्या चारी पायांशी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा, कारण फरशी पुसताना सब कोणीतरी सरकवणारच, आणि परत ठेवताना तो भिंतीला चिकटवून ठेवणार.